युआनमिंगयुआन

युआनमिंगयुआन : चीनच्या चिंग (मांचू) वंशातील सम्राटांचे इतिहासप्रसिद्ध राजोद्यान. पीकिंगच्या (बीजिंग) वायव्येस, जुन्या राजनगरीपासून सु. ८ किमी. अंतरावर त्याचे अवशेष आहेत. नावाचा अर्थ ‘पूर्ण तेजाचे उद्यान’ असा होतो. अठराव्या शतकात ते जगातील सर्वांत विस्तृत व समृद्ध राजोद्यानांपैकी एक होते. १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच सैन्यांनी ते लुटले आणि नंतर इंग्रज सेनेने जाळले. पाश्चात्त्य ग्रंथांत त्याला ‘जुना ग्रीष्मप्रासाद’ असे म्हटलेले आढळते. जवळच असलेला व आज पर्यटकांना परिचित असलेला ‘ग्रीष्मप्रासाद’ (ई-ह-युआन) हा मात्र निराळा. तोही १८६० मध्ये जळाला होता. परंतु १८८० नंतरच्या दशकात त्याची पुनर्रचना झाली. युआनमिंगयुआनची तशी पुनर्रचना झाली नाही. त्यामुळे या उद्यानाचे मूळ रूप जाणून घेण्यास चिनी चित्रे, राजदरबारची कागदपत्रे व प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे वृत्तांत यांचाच आधार घ्यावा लागतो. या वृत्तांतांत झां दनी आतिरे (१७०२–६८) या फ्रेंच जेझुइट चित्रकाराने १ नोव्हेंबर १७४३ रोजी लिहिलेल्या पत्राचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे.

इतिहास : सम्राट खांग-शी याने १७०७ मध्ये ही जागा आपल्या चौथ्या पुत्रास दिली. हा पुत्र पुढे युंग-जंग या नावाने सम्राट झाला (कार. १७२२–३५). त्याने १७२५ पासून उद्यानाचा मोठा विस्तार केला आणि तेथे दरबाराची व कचेऱ्यांची दालने बांधली. तेव्हापासून चिंग सम्राट वर्षाचा बराच काळ नगरातील राजवाड्यात न राहता येथेच राहत. त्यामुळे युआनमिंगयुआन हे केवळ विहाराचे स्थळ नव्हते. राज्यकारभाराचेही ते केंद्र होते. युंग-जंगचा पुत्र च्यन-लुंग (कार. १७३५–९६) याच्या काळात उद्यान कळसास पोहोचले. त्याने पूर्वेस छांगछुनयुआन हे नवे उद्यान निर्माण केले, तर आग्नेयेकडील वाटिका एकत्र करून छीछुनयुआन हे तिसरे उद्यान सिद्ध केले. या तिन्ही उद्यानांस मिळून युआनमिंगयुआन हेच नाव रूढ झाले. त्यांचे एकूण क्षेत्र सु. ३५० हेक्टर आहे.

रचना : उद्यानाची मूळ भूमी सखल, झऱ्यांची व दलदलीची होती. तेथे तळी व कालवे खोदण्यात आले आणि निघालेल्या मातीच्या टेकड्या रचण्यात आल्या. टेकड्यांच्या आडोशाने लहानलहान दऱ्या तयार झाल्या व प्रत्येक दरीत स्वतंत्र मंडपसमूह उभारला गेला. अशा निवडक ४० स्थळांची रेशमावरील चित्रे शन युआन व थांग-दाय या दरबारी चित्रकारांनी १७४४ मध्ये पूर्ण केली. प्रत्येक चित्राला सम्राटाची कविता जोडलेली आहे. ही चित्रमाला आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या रचनेमागे चिनी साहित्य, धर्म व राजनीती यांतील संकेत होते. मुख्य निवासाजवळच्या तळ्याभोवती नऊ बेटे होती. प्राचीन चिनी भूगोलातील नऊ प्रांतांचे, म्हणजेच समग्र साम्राज्याचे, ते प्रतीक होते. पूर्वेकडील फू-हाय या सर्वांत मोठ्या सरोवराच्या मध्यभागी असलेली तीन छोटी बेटे म्हणजे पुराणकथांतील अमर सिद्धांची निवासस्थाने. एका दरीची योजना थाव युआन-मिंग या कवीच्या पीचवृक्षांच्या वनातील गुप्त ग्रामाच्या कथेवरून केली होती. ‘श-वेइ-छंग’ ही तटबंदीयुक्त बौद्ध नगरीही उद्यानात होती. श-वेइ हे बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेल्या प्राचीन भारतातील श्रावस्ती नगरीचे चिनी नाव होय. अशा प्रकारे सम्राटाला ज्ञात असलेले ऐहिक व पारलौकिक जग एका कुंपणात सामावण्याचा हा प्रयत्न होता.

आतिरे : आतिरेचा जन्म फ्रान्समधील दोल या गावी एका चित्रकाराच्या घरात झाला. त्याने रोममध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १७३५ मध्ये जेझुइट संघात प्रवेश केला. १७३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो चीनला गेला व च्यन-लुंगच्या दरबारी चित्रकार म्हणून रुजू झाला. त्या काळी परकीयांना राजोद्यानात प्रवेश नसे. चित्रकार व घड्याळजी यांना मात्र कामानिमित्त आत जावे लागे. या अपवादामुळेच आतिरेला उद्यान आतून पाहता आले. तो स्वेच्छेने हिंडणारा प्रवासी नव्हता. सम्राट उद्यानात राहावयास गेला, की चित्रकारांनाही तेथे हजर राहावे लागे. सम्राट वरचेवर त्यांचे काम पाहावयास येई, त्यामुळे जागा सोडता येत नसे. कोणते चित्र काढावयाचे व ते कसे काढावयाचे, हे त्याच्या इच्छेवर अवलंबून असे. रोममध्ये शिकलेली कला बाजूस ठेवून रेशमावर जलरंगांत, चिनी अभिरुचीस मानवेल अशा पद्धतीने काम करावे लागते, अशी खंत आतिरेने पत्रात व्यक्त केली आहे. तथापि चीनमध्ये राहून आपली दृष्टीही काहीशी चिनी बनली आहे, हेही त्याने मान्य केले आहे. ही दुहेरी भूमिका त्याच्या वर्णनाला मोल देते.

आतिरेचे वर्णन : आतिरेने उद्यानाचे वर्णन एखाद्या नकाशासारखे न करता चालणाऱ्याच्या दृष्टीने केले आहे. हाताने रचलेल्या २० ते ६० फूट उंचीच्या टेकड्या, त्यांच्यामधील असंख्य दऱ्या आणि त्या दऱ्यांतून वाहत जाऊन तळ्यांना मिळणारे कालवे यांचा त्याने प्रथम उल्लेख केला आहे. एका दरीतून दुसरीत जाणाऱ्या वाटा यूरोपीय उद्यानांतील वीथींप्रमाणे सरळ नव्हत्या. त्या वळणे घेत, लहान मंडपांजवळून व कृत्रिम गुहांमधून जात. एक दरी ओलांडली, की दुसरी अकस्मात दृष्टीस पडे आणि तिच्यातील पाण्याचा आकार, झाडी व वास्तू ही सर्वस्वी भिन्न असत. कालव्यांचे काठ घडीव दगडांनी सरळ बांधलेले नसून ओबडधोबड खडकांचे होते. काही खडक पुढे आलेले, काही मागे सरलेले. त्यांची मांडणी इतक्या कौशल्याने केलेली होती, की ती निसर्गाचीच कृती वाटावी. खडकांच्या फटींतून फुलझाडे उगवलेली दिसत.

पुलांचे वर्णनही त्याने बारकाईने केले आहे. सरळ बांधल्यास ज्याची लांबी ३० ते ४० फूट भरली असती, असा पूल वळणे देऊन १०० किंवा २०० फुटांपर्यंत लांबविलेला असे. पलीकडे लवकर पोहोचण्यापेक्षा पाण्यावरून चालताना बदलत जाणारी दृश्ये पाहणे हाच अशा पुलाचा हेतू होता. जलविहारासाठी नौका होत्या. त्यांपैकी ७८ फूट लांब व २४ फूट रुंद अशा एका नौकेवर सुंदर घरच बांधलेले होते. मोठ्या सरोवराच्या मध्यावरील खडकाळ बेटावर एक छोटा प्रासाद होता. तेथून चारही दिशांचे काठ न्याहाळता येत आणि कोणत्याही दोन काठांचे स्वरूप सारखे नसे. वास्तू बहुधा एकमजली होत्या. त्यांचे लाकूडकाम रोगण व सोनेरी मुलामा यांनी सजविलेले असून छपरांवर तांबड्या, पिवळ्या, निळ्या, हिरव्या व जांभळ्या रंगांची चकचकीत कौले होती. असे दोनशेहून अधिक लहानमोठे प्रासाद उद्यानात असल्याचे आतिरे सांगतो.

उद्यानातील लुटुपुटीच्या नगराचे त्याचे वर्णन यूरोपमध्ये फार गाजले. तट, बुरूज व चार वेशी असलेल्या या नगरात रस्ते, देवळे, बाजार, दुकाने व न्यायकचेऱ्या होत्या. सम्राटाला सामान्य नगरीत मोकळेपणाने हिंडता येत नसे. म्हणून वर्षातील ठराविक दिवशी राजवाड्यातील खोजे तेथे व्यापारी, कारागीर, हमाल व शिपाई यांची सोंगे घेत. गलबला, घासाघीस व भांडणे चालत. खिसेकापूही असत आणि सापडल्यास त्यांना शिक्षा होई. सम्राट दुकानांतून खरोखरीची खरेदी करी. दुसऱ्या एका भागात शेते, बैल व नांगर होते आणि तेथे ग्रामीण जीवनातील कामे केली जात. प्रजेपासून दूर ठेवलेल्या राजाला प्रजेचे जीवन देखाव्याच्या रूपाने आणून द्यावे लागे, ही गोष्ट या वर्णनातून आपोआप स्पष्ट होते.

वर्णनाचे मूल्य व मर्यादा : आतिरेच्या काळी फ्रान्समधील व्हर्सायसारखी उद्याने आदर्श मानली जात. सरळ वीथी, मध्य अक्षाच्या दोन्ही बाजूंस सारखी रचना व एका जागेवरून डोळ्यात भरणारा संपूर्ण विस्तार ही त्यांची लक्षणे होत. याच्या उलट, युआनमिंगयुआनचे संपूर्ण दर्शन कोठूनही घडत नसे. गुंडाळलेले चिनी चित्र हळूहळू उलगडत जावे, तसे ते पावलागणिक प्रकट होई. सममितीचा अभाव म्हणजे योजनेचा अभाव नव्हे. तोही विचारपूर्वक साधलेला परिणाम असू शकतो, हे आतिरेने ओळखले. नगरातील राजवाडा व शासकीय इमारती यांत चिनी लोक सममिती कटाक्षाने पाळतात आणि विहारस्थळी मात्र ती टाळतात, हा भेदही त्याने नोंदविला आहे.

तथापि त्याची मापे सर्वत्र विश्वसनीय नाहीत. मोठ्या सरोवराचा व्यास तो सु. अर्धा लीग, म्हणजे दोन किलोमीटरांच्या आसपास देतो. प्रत्यक्षात सरोवर याहून बरेच लहान आहे. वळणे, आडोसे व प्रतिबिंबे यांच्या योगाने जागेचा भास वाढविणे हे चिनी उद्यानकलेचे एक तंत्रच असल्याने ही चूक बोलकी ठरते. शिवाय नऊ बेटे, सिद्धांची निवासस्थाने यांसारख्या संकेतांचा अर्थ यूरोपीय वाचकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. चिनी वाचकाला जे काव्य व राजनीती यांच्या संदर्भांनी भरलेले दिसे, ते यूरोपला मनोहर अव्यवस्थेच्या रूपात दिसले.

यूरोपवरील परिणाम : आतिरेचे पत्र १७४९ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. जोझेफ स्पेन्स या इंग्रज लेखकाने टोपणनावाने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १७५२ मध्ये निघाला. या सुमारास इंग्लंडमध्ये भौमितिक उद्यानांविरुद्ध प्रतिक्रिया उमटू लागली होती व विल्यम केंट याच्यासारखे योजक नैसर्गिक वळणाची उद्याने रचत होते. त्यांच्या समर्थकांना आतिरेच्या पत्रात एक भक्कम दाखला मिळाला. कँटनला जाऊन आलेला वास्तुकार विल्यम चेंबर्स याने चिनी वास्तूंवर १७५७ मध्ये व पौर्वात्य उद्यानकलेवर १७७२ मध्ये ग्रंथ लिहिले आणि लंडनजवळील क्यू उद्यानात १७६२ मध्ये चिनी धर्तीचा उंच पॅगोडा उभारला. फ्रान्समध्ये या नव्या शैलीला ‘आंग्ल-चिनी उद्यान’ असे नाव पडले. हॉरिस वॉल्पोल याच्यासारख्या इंग्रज लेखकांनी मात्र ही शैली चीनकडून घेतल्याचे नाकारले. पहिली प्रेरणा आतिरेच्या पत्राने दिली असे म्हणता येत नाही. परंतु आधीच सुरू झालेल्या बदलाला त्याने बळ दिले, यात शंका नाही.

पाश्चात्त्य वाडे : यूरोप चिनी पद्धतीच्या वळणदार वाटांकडे आकृष्ट होत असतानाच च्यन-लुंगचे लक्ष यूरोपीय कारंज्यांकडे वेधले गेले. कारंज्याचे एक चित्र पाहून त्याने १७४७ मध्ये तसे कारंजे घडविण्याची आज्ञा दिली. जुझेप्पे कास्तील्योने (१६८८–१७६६) या इटालियन चित्रकाराने वास्तूंचे आराखडे केले. मीशेल बनवा (१७१५–७४) या फ्रेंच जेझुइटाने जलयंत्रांची योजना केली. छांगछुनयुआनच्या उत्तर सीमेवरील चिंचोळ्या पट्ट्यात संगमरवरी खांबांचे वाडे, कारंजी व भूलभुलैया उभारण्यात आले. एका वाड्यासमोरील जलघटिका विशेष प्रसिद्ध होती. चिनी कालगणनेतील बारा प्राण्यांची काशाची शीर्षे असलेल्या मूर्ती आळीपाळीने दोन-दोन तास पाण्याची धार सोडीत आणि मध्यान्ही सर्वांच्या मुखांतून एकदम पाणी उडे. बनवाच्या मृत्यूनंतर ही यंत्रे हळूहळू निकामी झाली. आतिरेने पत्र लिहिले, तेव्हा यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते. एकूण उद्यानाच्या मानाने हा भाग अगदी लहान होता.

नंतरचे पाहुणे : १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचे पहिले राजदूतमंडळ पीकिंगला आले. सम्राटासाठी आणलेल्या तारामंडळयंत्रासारख्या मौल्यवान भेटवस्तू युआनमिंगयुआनच्या दरबार-मंडपात मांडण्यात आल्या. मॅकार्टनी सम्राटाच्या भेटीसाठी जेहोलला गेला असता जॉन बॅरो हा त्याचा सहकारी या वस्तूंच्या मांडणीच्या कामासाठी येथे राहिला. बॅरोला उद्यानाचा थोडाच भाग पाहावयास मिळाला आणि चेंबर्सच्या अतिरंजित वर्णनांच्या मानाने तो फिका वाटला. आतिरेच्या पत्रातील उत्साह व बॅरोच्या ग्रंथातील (१८०४) थंडपणा यांमधील अंतर केवळ व्यक्तिभेदाचे नाही. पहिला दरबाराचा सेवक होता, तर दुसरा व्यापारी सवलती मागण्यास आलेल्या व रिकाम्या हाताने परतलेल्या राष्ट्राचा प्रतिनिधी होता.

विध्वंस : या सवलतींचा प्रश्न पुढे युद्धाने सोडविण्यात आला. त्यामागे अफूच्या व्यापाराचे कारण प्रमुख होते. ही अफू हिंदुस्थानात पिके. बंगालची अफू कलकत्त्याहून, तर माळव्याची मोठ्या प्रमाणात मुंबई बंदरातून चीनला जात असे. दुसऱ्या अफू-युद्धाच्या (१८५६–६०) अखेरीस इंग्रज व फ्रेंच सेना पीकिंगवर चालून गेल्या. सम्राट श्येन-फंग जेहोलला पळाला. ऑक्टोबर १८६० च्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सैन्ये उद्यानात शिरली व लूट सुरू झाली. मॅकार्टनीने भेट दिलेल्या तोफाही तेथे सापडल्या. तत्पूर्वी सप्टेंबरमध्ये चिनी अधिकाऱ्यांनी वाटाघाटीसाठी गेलेल्या व त्यांच्याबरोबरच्या ३९ जणांना पकडले होते. त्यांपैकी सु. निम्मे लोक हालअपेष्टांनी मरण पावले. त्यांत काही हिंदी घोडेस्वारही होते. याचा सूड म्हणून व सम्राटालाच धडा शिकविण्यासाठी लॉर्ड एल्गिन याने उद्यान जाळण्याचा हुकूम दिला. फ्रेंचांनी या जाळपोळीत भाग घेण्यास नकार दिला. १८ ऑक्टोबर रोजी आगी लावण्यात आल्या. हे काम करणाऱ्या इंग्रज सेनेत पंजाबी पलटणीही होत्या. लाकडी वास्तू असल्याने आग झपाट्याने पसरली. च्यन-लुंगने संकलित करविलेल्या ‘स-खू छ्वान-शू’ या प्रचंड ग्रंथसंग्रहाच्या सात प्रतींपैकी एक येथील ग्रंथालयात होती. तीही नष्ट झाली. फ्रेंच साहित्यिक व्हीक्तॉर ह्यूगो याने १८६१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात या कृत्याबद्दल इंग्लंड व फ्रान्स या दोहोंना दोषी ठरविले.

सद्यःस्थिती : १८७३ मध्ये सम्राट थुंग-ज याने पुनर्रचनेस प्रारंभ केला, परंतु पैशाच्या अभावी ते काम दुसऱ्याच वर्षी थांबले. १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत उरलेल्या वास्तू व वृक्ष यांचीही हानी झाली. पुढे लोकांनी तेथील दगड व विटा नेल्या आणि तळ्यांच्या जागी शेती केली. १९८८ मध्ये अवशेषांचे उद्यान म्हणून ही जागा जनतेसाठी खुली झाली. पाण्याची गळती रोखण्यासाठी तळ्यांच्या तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर घालण्याच्या योजनेवरून २००५ मध्ये मोठा वाद झाला व शासनाच्या पर्यावरण विभागाने जाहीर सुनावणी घेतली. जलघटिकेच्या बारा शीर्षांपैकी सात २०२० पर्यंत चीनमध्ये परतली होती. त्यांपैकी अश्वशीर्ष २०२० मध्ये मूळ स्थळी म्हणजे युआनमिंगयुआनमध्ये आणण्यात आले. नष्ट वास्तू पुन्हा उभाराव्यात, की अवशेष आहेत तसेच राखावेत, याविषयी चिनी विद्वानांत मतभेद आहेत.

युआनमिंगयुआनचे प्रतीक म्हणून आज सर्वत्र छापली जाणारी छायाचित्रे पाश्चात्त्य वाड्यांच्या भग्न संगमरवरी खांबांची असतात. दगडी असल्याने हा भाग आगीतून काही अंशी टिकला. परंतु उद्यानाच्या एकूण स्वरूपाचा तो प्रतिनिधी नव्हे. लाकडी मंडपांच्या दऱ्यांची जोती, मातीच्या टेकड्या व पाण्याची वळणे बाकीच्या विस्तारात आढळतात. या वळणांवरून चालताना काय दिसे, हे समजण्यासाठी १७४४ ची चित्रमाला व आतिरेचे पत्र ही आजही प्रमुख साधने आहेत.